मृणालिनीची भांडी

“नाही आवडलं तर पंधरा दिवसांत परत आणा, मॅडम,” काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि तिने खोक्याच्या रिबिनीखाली एक गुलाबी चिठ्ठी सरकवली. “हिच्यावर किंमत नाहीये. ज्यांना प्रेझेंट द्याल त्यांनी ही दाखवली की त्यांना बदलून दुसरं काहीही घेता येतं.”

“आणि कारण?”

“कसलं कारण?”

“परत का आणलं, त्याचं.”

“कारण नाही विचारत आम्ही. पॉलिसी आहे.”

“परत एकदा म्हण गं.”

“कारण नाही विचारत आम्ही,” ती जरा मोठ्याने म्हणाली. तिला वाटलं, बाई बहिरी आहे. मी तिच्याकडून ते वाक्य आणखी एकदा म्हणवून घेतलं. मागच्या रांगेतले लोक चुळबुळायला लागले. मध्ये काउंटर नसतं तर मी त्या पोरीचा मुकाच घेतला असता.

घोडबंदर रोडवरचं ते दुकान नवं आहे. सगळी काच. आत इतकं गार की मी चहाचे कप घ्यायला गेले आणि स्वेटर घेऊन बाहेर पडता पडता वाचले. परवापरवापर्यंत या रस्त्यावर अंधार पडला की रिक्षावाले यायला नाही म्हणायचे. आता इथे माणसं थंडी विकत घ्यायला येतात. बाहेर वैशाखाचं ऊन, रस्त्यावर धूळ, कुठल्यातरी सोसायटीच्या आवारात मांडवाचे बांबू उतरवत होते. लग्नसराई. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लेकीचं लग्न होतं म्हणून मी हे कप घेतले होते. रिक्षात ते खोकं मांडीवर घेऊन बसले आणि सारखी त्या गुलाबी चिठ्ठीकडे बघत राहिले. हाताच्या पंजाएवढा कागद. हा कागद ऐंशीच्या दशकात आमच्या डोंबिवलीत कुणी आणला असता, तर आमच्या घरात एवढं महाभारत घडलंच नसतं.

आमच्या डोंबिवलीत तेव्हा लग्नसराई आधी ऐकू यायची. सनईबिनई नंतर. आधी यायचा भांड्यांवर नाव घालायच्या मशीनचा आवाज. पेन्सिलीसारखं विजेचं यंत्र, ते भांड्यावर टेकवलं की कर्रर्र करत अक्षरं उमटवत जायचं. बाजारात सगळ्या भांडेवाल्यांच्या दारात एकेक माणूस हे यंत्र घेऊन बसलेला असे, आणि वैशाखात ती सगळी यंत्रं एकदम चालू झाली की दात शिवशिवायचे. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी त्या आवाजावर तीन मजली बंगला बांधला म्हणतात. ऊन तर असं, की डांबरात चपला रुतून बसायच्या. कार्यालयाच्या दारातून चपला चोरीला गेल्याचं आमच्याकडे कधी ऐकलं नाही, कारण निम्मे वऱ्हाडी रस्त्यातच चपला सोडून अनवाणी पोचलेले असत. आणि नव्या स्टीलचा वास. हो, स्टीलला वास असतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नवं कोरं पातेलं उघडून त्यात तोंड घालून बघा. थोडी शाई, थोडं गवत, थोडा परक्या घराचा वास.

नाव घालण्याचं कारण काय, हे मी तेव्हा आईला विचारलेलं. आठवण राहते, ती म्हणाली. राहते तर. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या भांड्यावर. घेणारीने जन्मभर देणाऱ्याचं नाव राखेने घासत बसायचं. आमच्या फडताळात अशी अर्ध्या तालुक्याची नावं पालथी घातलेली होती. आणि मुलीला संसारासाठी द्यायच्या भांड्यांवर तिचं नाव घालत, पण तिचं म्हणजे तिचं नव्हे. सासरचं. ते सासरचे ठरवत. आडनाव तर जायचंच, पहिलं नावही जायचं, आणि नवं नाव लग्नात तांदळात लिहिलं जायच्या आधीच स्टीलवर येऊन बसायचं.

एकदा नाव घातलं की संपलं. भांडं परत नाही.

आणि दामूशेठच्या दुकानातून तर नाव न घातलेलंही परत नाही. स्टेशनबाहेरच्या बाजारात दामूशेठचं दुकान. गादीवर ते स्वतः, तांब्याच्या घंगाळासारखे, आणि डोक्यावर दोन पाट्या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ खाली: ‘नाव घातलेली भांडी कोणत्याही कारणास्तव बदलून मिळणार नाहीत.’ देवाचा फोटो या पाट्यांच्या खाली होता, यावरून काय ते समजा. यमाने सत्यवान परत केला. दामूशेठने झारा परत केला नसता. म्हणे एकदा एक गृहस्थ दुकानातून पिंप घेऊन पायरी उतरले, पायरीवरच त्यांना चक्कर आली, आणि ते त्या पिंपासकट मागे दुकानात पडले. दामूशेठने त्यांना पाणी पाजलं, वारा घातला, आणि पिंप बाहेर काढून ठेवलं. मी काही हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते, मग हे खरं वाटायला लागेल.

त्या वैशाखात आमच्या शैलाताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा ठाण्याचा, नौपाड्यातला, नोकरीतला, अविनाश नावाचा. घरात आम्ही चौघं: अण्णा, आई, ताई आणि मी. मी कॉलेजात होते आणि माझा आवाज तेव्हाही असाच खणखणीत होता. अण्णा मोहन्याला कारखान्यात कामाला. इतके हळू बोलायचे की घरात त्यांनी हाक मारली तर आम्हाला वाटायचं, शेजाऱ्यांचा रेडिओ लागलाय. आणि ताई एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये. आलेला माल बघायचा, बरोबर असला तर घ्यायचा, नसला तर परत धाडायचा, हे तिचं काम. तिने ‘परत’ लिहून खाली ‘शैला’ अशी सही केली की भरलेला ट्रक गेटातूनच तोंड फिरवून शीळफाट्याच्या रस्त्याला लागायचा. ट्रकवाले तिला टरकून असत. एक सरदारजी तर गेटावर पोचल्यावर आधी विचारायचा म्हणे, “मॅडम छुट्टी पे है क्या?”

लग्नाला अजून अवकाश होता. पत्रिका छापायला गेल्या होत्या, वाटायच्या होत्या. तेवढ्यात एके दुपारी दामूशेठकडून हातगाडी आली. अण्णांनी आयुष्यभर साठवलेलं सगळं त्या गाडीवर चकाकत होतं. हंडा, कळशी, टोप, पराती, एकात एक बसणारे डबे. बिल्डिंगमधली सगळी बायामाणसं गॅलरीत. आई हळदकुंकू घेऊन खाली धावली. आम्ही एकेक भांडं वर नेलं, कागद सोडले, आणि पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. ताई कामावरून आली, तिने डबा खाली ठेवला, एक परात उचलली आणि उन्हाकडे तिरकी धरून वाचलं.

“मृणालिनी कोण?”

“अगं तूच!” आई हसली. “त्यांच्याकडून निरोप आलेला. अण्णांनी स्वतः समोर बसून नाव घालून घेतलं.”

ताईने टोप बघितला. मृणालिनी. हंडा. मृणालिनी. डाव, झारा, चहाचं गाळणं. गाळण्याच्या दांड्यावर जागा नव्हती म्हणून नुसतं ‘मृणा’.

अविनाशच्या दोन वहिन्या होत्या. मोठी मृदुला, मधली मृण्मयी. त्याही मूळच्या आणखी कुणीतरी होत्या. सासूबाईंनी त्यांचं हे केलं होतं. आता तिसरी मृणालिनी झाली की सेट पुरा. सहा पेल्यांचा असतो तसा. मला सांगा, फुटला तर आणखी एक ‘मृ’ बदलून आणणार होते का?

ती भांडी आमच्या घरात राहायला आली आणि मृणालिनीही. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला ती दिसायची. गोरी, लांब वेणीची, बशीतून चहा पिणारी, कुणी काही विचारलं की “चालेल” म्हणणारी. आई तिच्यावर माझ्या बहिणीपेक्षा जास्त खूश होती. “मृणालिनीला ही कढई होईल,” म्हणायची. “मृणालिनीला पुरणाचं यंत्र घ्यायला हवं.” आणि माझी बहीण तिथेच, भांड्यांमधून पाऊल शोधत, डबा घेऊन कामावर जायची.

रविवारी ती ठाण्याला अविनाशला भेटायला गेली. तलावपाळीवर दोघं फिरले, भेळ खाल्ली. मुलगा वाईट नव्हता, हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे. बोटीत चढताना त्याने तिचा हात धरला. भेळवाल्याला तिच्या भेळेत कांदा कमी घालायला सांगितलं. मग ताईने विचारलं, माझं नाव आहे तेच राहू देऊ का?

“अगं, नावाचं काय! दोन महिन्यांत सवय होते. वहिन्यांना झाली ना?”

“माझी सही आहे शैला अशी.”

“सही?” तो खरोखर प्रेमाने म्हणाला. “ती आता कुठे करायचीय तुला?”

ताई घरी आली, हातपाय धुतले, आणि हंड्याला टेकून बसत म्हणाली, “मला हे लग्न करायचं नाही.”

रिक्षात मांडीवरची ती गुलाबी चिठ्ठी वाऱ्याने फडफडायला लागली, तेव्हा मी तिच्यावर हात ठेवला. या चिठ्ठ्या फक्त कपबशांना का लावतात, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. साखरपुड्याच्या ताटात, नारळाच्या शेजारी, मुलीच्या बाजूने एक ठेवायला काय हरकत आहे? पंधरा दिवस. कारण विचारलं जाणार नाही. किती बायकांनी ती पदराच्या गाठीत बांधून ठेवली असती आणि वापरलीही नसती; नुसती आहे म्हणून त्यांचा चेहरा वेगळा दिसला असता. पण नाही. आपल्याकडे कप परत करता येतो, कारण कपाला नातेवाईक नसतात.

आम्हाला होते. दुसऱ्या दिवशीच ठाण्याहून मोठेकाका आले. अण्णांचे मोठे भाऊ, हे स्थळ त्यांनीच आणलेलं. त्यांच्या मागोमाग सगळे. कारण काय, कारण काय, कारण काय. पंखा गरगरत होता तोही तेच विचारतोय असं वाटत होतं. मुलगा पितो का? नाही. काही मागितलं का? नाही. पत्रिकेत काही निघालं का? नाही.

“मग?” मोठेकाका गरजले.

“मला पटलं नाही.”

“हे कारण झालं? नावासाठी? आमच्या हिचं नाव मी बदललं, काही झालं का तिला?”

काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांचं माहेरचं नाव काय होतं, ते आम्हा पोरांपैकी कुणालाही माहीत नव्हतं.

“आणि ही भांडी?” काकांनी अण्णांकडे बघत सगळ्यात मोठ्या टोपावर टिचकी मारली, तो देवळातल्या घंटेसारखा घुमला. “भांड्यांवर नाव पडलंय, गजा! पत्रिका फाडता येतात. ही भांडी काय गिळणार आहेस? ती आता त्यांची झाली.”

हा मुद्दा सगळ्यांना पटला. मुलीचं मन कुणाला दिसत नव्हतं. भांडी मात्र सगळ्यांना दिसत होती. आई एका परातीवर डोकं ठेवून रडत होती, तिचे अश्रू मृणालिनीवरून ओघळत होते. अण्णा इतका वेळ खिडकीत उभे होते. ते वळले.

“दामूशेठनं भांडी परत घेतली,” ते आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, “तर मी ठाण्याला नाही म्हणून निरोप धाडतो. नाही घेतली, तर लग्न होईल.”

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईने नाक पुसलं. मोठेकाकांनी चहा मागितला. आमचे अण्णा भांडखोर नव्हते, पण साधेही नव्हते. मुलीला नाही म्हणण्याचं धाडस होत नव्हतं, म्हणून त्यांनी ते काम दामूशेठच्या पाट्यांवर टाकलं. सूर्य पश्चिमेला उगवला तर तुझं लग्न मोडतो, असं म्हणण्यातलाच तो प्रकार.

ताईने मान डोलावली. म्हणाली, “ठरलं.”

तिने रजा टाकली आणि सकाळीच हातगाडी बोलावली. मी, ताई, हातगाडीवाला, आणि शेजारच्या सुळेकाकू. काकूंचा या प्रकरणाशी संबंध काय असं विचारू नका. फुकट बघायला मिळतंय आणि सुळेकाकू घरी बसल्यात असा दिवस डोंबिवलीने पाहिलेला नाही. बाजारातून आमची वरात निघाली. लोक बाजूला होऊन वाट देत होते. भांडी इतकी चकाकत होती की दोन सायकलवाले समोरासमोर धडकले.

दामूशेठने गाडी बघितली आणि वरची भांडी उतरवायची काठी पाटीवर टेकवली.

“वाचली,” ताई म्हणाली. “परत घ्या.”

“गळतंय का?”

“नाही.”

“पोचा आलाय? जोड सुटलाय?”

“नाही.”

“मग खोट काय?”

“माझ्या संसाराची भांडी होती. माझं नाव शैला. यांच्यावर भलतीच बाई आहे.”

“ते तुझ्या वडलांनी समोर बसून घालून घेतलं.”

“माझ्या कारखान्यात मागितलेल्यापेक्षा वेगळा माल आला तर मी परत धाडते. कुणाच्या समोर बसून भरला, ते नाही विचारत.”

“तो कारखाना आहे पोरी, हे दुकान आहे.” दामूशेठ पुढे सरकले. आवाज मऊ केला. “लग्न मोडतेयस म्हणे. कारण काय?”

“पटलं नाही.”

“पटलं नाही हे काय कारण असतं होय? मला हा धंदा तरी कुठे पटलाय? करतोय ना?” गिऱ्हाइकं हसली. “तुझ्याकडे बघून एक करतो. मोडीच्या भावानं घेतो सगळं. तोडगा म्हणून. चल, उतरव.”

सुळेकाकू माझ्या कानात फुसफुसल्या, “घे म्हणावं, घे! परत गेली म्हणजे गेली!” आणि खरंच, अण्णांची अट त्यात बसत होती. मी ताईकडे बघितलं. तिने गाडीवरचा एक डबा उचलला, झाकण लावलं. टक्. नव्या डब्याचा तो घट्ट आवाज.

“नवी कोरी भांडी मोडीत?” ती म्हणाली. “भांड्यांचा काय गुन्हा आहे? नाही द्यायची.”

“मग ने घरी! आणि मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहा.”

ताई पायरी उतरली. मला वाटलं, संपलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उन्हामुळे असेल. तिने गाडीवरची वर्तमानपत्रं ओढली, दुकानासमोरच्या फुटपाथवर अंथरली, आणि पहिली परात मांडली.

“कुंदे,” ती मला म्हणाली, “ओरड.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ओरडायला सांगत होतं. मी जी ओरडले, की कल्याणच्या किल्ल्याचा उरलासुरला बुरूज हलला असेल. “नवी कोरी भांडी! दामूशेठच्या दुकानातली! दामूशेठपेक्षा स्वस्त!”

वैशाखातला बाजार. आहेर घ्यायला आलेली गर्दी दुकानाच्या पायरीवरून मागे वळली. बायका वाकल्या, भांडी उचलली, पालथी केली, आणि वाचलं. “मृणालिनी कोण?” ताई म्हणाली, कुणी नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि भांडी खाली ठेवली. मग मागे कुजबुज चालू झाली. “गेली वाटतं.” “पहिल्याच बाळंतपणात असेल.” “धाकट्या बहिणी विकायला बसल्यात बिचाऱ्या.” “अशा बाईची भांडी घरात नको गं.” अर्ध्या तासात मृणालिनीला तीन वेगवेगळे आजार होऊन ती वारली. ऊन चढत गेलं. हंडा असा तापला की त्यात हात घालवेना. दामूशेठ गादीवर बसून आमच्याकडे बघत पान जुळवत होते, सावकाश.

तेवढ्यात खाडीकडच्या गावातली हिराबाय आली. आमच्याकडे मासे घेऊन यायची ती कोळीण, टोपली रिकामी झाली होती, डोक्यावर तशीच होती. तिने एक टोप उचलला, वाजवला, बूड बघितलं.

“घेऊ नकोस गं,” एक बाई तिला म्हणाली. “मेलेल्या बाईचा आहे.”

“मेली आसंल तं मागाला येनार नाय ना?” हिराबाय म्हणाली. “दे गो तो टोप.”

“मेली नाही, मावशी,” ताई म्हणाली. “जन्मलीच नाही.”

“मंग तं लय बरा.”

गर्दीत हशा झाला, आणि हशाबरोबर सगळं सुटलं. टोप गेला, मागोमाग कळशी, मग डब्यांवर दोघी भांडायला लागल्या. सुळेकाकू कधी आमच्या बाजूला येऊन वस्तू बांधून द्यायला लागल्या ते त्यांनाही कळलं नसेल. दामूशेठच्या दुकानात आता एकही गिऱ्हाईक नव्हतं. ते पान थुंकून खाली आले. गादीवरून उतरलेले दामूशेठ मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. पायांवर उभे राहता येतं त्यांना, हीच मोठी बातमी.

“उचल हे सगळं! माझ्या दुकानासमोर माझाच माल विकतेस?”

“तुमचा कसा?” ताईने मान वर केली. “विकलेला माल तुमचा नसतो, शेठ. पाटी वाचा.”

अहो, काय आवाज झाला त्या बाजारात! समोरचा कापडवाला गज टाकून टाळ्या वाजवायला लागला. दारातल्या नाव घालणाऱ्यानेही यंत्र बंद करून मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मला आजही कुणी विचारलं, तू आयुष्यात काय मोठं पाहिलंस, तर मी हेच सांगते. माणसं हिमालय सांगतात. सांगोत बापडी.

आणि त्या हशातच मला गर्दीच्या मागे अण्णा दिसले.

कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. ते रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, पायात घरातल्या स्लिपर. शेजारी मोठेकाका. गर्दी आपोआप फाकली. हसू थांबलं.

“बघ!” मोठेकाका म्हणाले. “बघ, घराण्याची अब्रू फुटपाथवर मांडलीय. उठव तिला, गजा!”

ताई उभी राहिली. तिने काही लपवलं नाही. “अण्णा,” ती म्हणाली, “दामूशेठनं परत घेतली नाहीत.”

म्हणजे ती हरली होती. अट अटच होती. आता तिला घरी जायचं होतं, उरलेल्या भांड्यांसकट, आणि तिथून ठाण्याला. मी ताईच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“ऐकलंत ना, गजाननराव?” दामूशेठ म्हणाले. “समजवा मुलीला.”

एका बाईच्या हातात परात होती. तिला या सगळ्यातलं काही माहीत नव्हतं. तिने अण्णांना विचारलं, “अहो, ही मृणालिनी तुमची कोण?”

अण्णांनी परात हातात घेतली. ती अक्षरं त्यांच्यासमोर उमटली होती. त्यांनी ती बराच वेळ वाचली, एवढंसं नाव वाचायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ. मग परात त्या बाईला परत दिली.

“माझी कोणी नाही,” ते म्हणाले. “माझी ही. शैला.”

“गजा!”

“दादा, तू घरी जा. ठाण्याला मी जाईन. आज संध्याकाळी.”

मोठेकाका काहीतरी बोलत राहिले. लोक काय म्हणतील, त्यांना तोंड कसं दाखवू, असलं. अण्णा त्यांचं ऐकत नव्हते. ते ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो उन्हाने तांब्यासारखा झाला होता आणि ओठ सुकले होते.

“जेवलीस का?”

ताईने मान हलवली.

“जा, दोघी जेवून या. आई थांबलीय.”

“आणि ही?” तिने उरलेल्या भांड्यांकडे बोट केलं.

अण्णांनी लेंगा जरा वर ओढला आणि त्या वर्तमानपत्रावर, हंडा आणि पराती यांच्यामध्ये, मांडी घालून बसले. आधी दामूशेठकडे बघितलं, मग मोठेकाकांकडे. आणि मग आमचे अण्णा असे बोलले, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं.

“मी बसलोय इथे. बघू कोण उठवतंय.”